रेझिन बदललं तरी सेलचं व्होल्टेज पुन्हा चढतंय: हार्डनेस नेमका कुठून येतोय?

मेम्ब्रेन सेलमध्ये मिठाच्या पाण्यातून, म्हणजे ब्राईनमधून, वीज सोडतात आणि ॲनोड-कॅथोडच्या मध्ये आयन गाळणारा पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असतो; अशा सेलवर कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या प्लांटमध्ये ही तक्रार कधी ना कधी येतेच. लोड तोच, तापमान तेच, लाय (कॉस्टिकचं द्रावण) 32 टक्क्यांवर स्थिर, आणि तरी सेलचं व्होल्टेज रोज एक-दोन मिलिव्होल्ट वर सरकत राहतं. क्लोरीनमधला ऑक्सिजन वाढतो. सेलमधून परत येणाऱ्या ब्राईनमध्ये क्लोरेट वाढतं. लॅबच्या वहीत मात्र ब्राईनचा हार्डनेस, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून, 20 पीपीबीच्या (लिटरला 20 मायक्रोग्रॅमच्या) आत. मग बैठकीत ठरतं की सेलच्या आधी हा हार्डनेस पकडणारं रेझिन थकलं. रेझिन बदललं जातं, दोन-तीन महिने बरे जातात आणि पुन्हा तोच आलेख.

आमच्याकडे हे तीनदा झालं. पहिल्या दोन वेळी रेझिनवर खापर फोडलं, त्यात मीही होतो. तिसऱ्या वेळी रेझिनला हात न लावता सेलपासून उलटं चालत मिठाच्या ढिगापर्यंत गेलो. कारण रेझिनच्या कॉलममध्ये नव्हतंच. तो प्रवास ज्या क्रमाने करायला हवा होता त्या क्रमाने इथे लिहितो आहे, कारण आमचा क्रम चुकला आणि त्यात चांगली मेम्ब्रेन गेली.

आधी खात्री करा: दोष खरंच मेम्ब्रेनमध्ये आहे का?

व्होल्टेज वाढलं की सगळे हार्डनेसकडे बोट दाखवतात. पण व्होल्टेज वाढण्याची कारणं अनेक आहेत. लोड कमी-जास्त करण्याची संधी मिळेल तेव्हा प्रत्येक टप्प्यावर सगळ्या सेलचं व्होल्टेज टिपा आणि करंट डेन्सिटीसमोर (मेम्ब्रेनच्या दर चौरस मीटरमागच्या करंटसमोर) मांडा. बिंदू जवळपास सरळ रेषेत येतात, आणि ती रेष शून्य करंटकडे वाढवली की साधारण 2.4 व्होल्टच्या आसपास टेकते. जुन्या नोंदींमधली, मेम्ब्रेन नवीन असतानाची रेष शेजारी काढा. पूर्ण रेष तशीच वर उचलली गेली असेल, तर संशय इलेक्ट्रोडच्या कोटिंगवर घ्या: टायटॅनियमच्या ॲनोडवरचं रुथेनियम-इरिडियम ऑक्साईड झिजलेलं असतं किंवा निकेलच्या कॅथोडवर लोखंड बसलेलं असतं. रेषेचा चढ वाढला असेल, तर वाटेत कुठेतरी रोध वाढला आहे, आणि बहुतेक वेळा तो मेम्ब्रेनमध्ये असतो.

दुसरा प्रश्न: एकच सेल वर गेला आहे की सगळे मिळून? एखादाच असेल तर ब्राईनला दोष देऊ नका. त्या सेलचा फीड तुंबला असेल, मेम्ब्रेनला भोक असेल, कॉन्टॅक्ट सैल असेल. त्या सेलच्या आउटलेटच्या ब्राईनची ताकद तपासा. आत जाताना लिटरला 300 ग्रॅमच्या वर असलेलं मीठ बाहेर पडताना 200 ते 220 ग्रॅम असायला हवं. ते 170 च्याही खाली गेलं असेल तर मेम्ब्रेनला फोड येण्याची वेळ आली, आणि ही गोष्ट वेगळी. सगळे सेल एकत्र, हळूहळू, दिवसामागून दिवस वर जात असतील, तरच पुढचं वाचा. सगळ्या सेलना समान असलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे ब्राईन.

तिसरी खूण करंट एफिशियन्सीची, म्हणजे दिलेल्या करंटपैकी किती भाग खरोखर कॉस्टिक बनवण्यात गेला त्याची. ती पडते म्हणजे कॅथोडकडचे हायड्रॉक्साईड आयन मेम्ब्रेन ओलांडून ॲनोडच्या बाजूला येतात. तिथे ते क्लोरीनशी भिडतात, हायपोक्लोराईट आणि मग क्लोरेट होतं, ऑक्सिजन सुटतो, ॲनोलाईटचा (ॲनोडच्या बाजूच्या ब्राईनचा) पीएच चढतो. इथे एक मोह होतो, तो टाळा. फीड ब्राईनमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड वाढवलं की ऑक्सिजनचा आकडा छान खाली येतो. पण ते ताप उतरवायला थर्मामीटर झटकण्यासारखं आहे. मेम्ब्रेनमधून गळणारं हायड्रॉक्साईड तेवढंच राहतं, फक्त दिसेनासं होतं. ॲसिड फार झालं आणि ॲनोलाईटचा पीएच 2 च्या खाली गेला, तर मेम्ब्रेनचा कॅथोडकडचा कार्बोक्झिलिक थरच ॲसिड रूपात जातो आणि व्होल्टेज उसळतं. आम्ही दुसऱ्या वेळी हाच उपाय महिनाभर केला. तेवढा महिना खरा आजार झाकून राहिला.

हे सगळं पैशाच्या आधी युनिटमध्ये मोजा म्हणजे गांभीर्य कळतं. एक किलोअँपिअर एक तास वाहिला तर सिद्धांताप्रमाणे 1.492 किलो सोडियम हायड्रॉक्साईड मिळतं. 3.1 व्होल्ट आणि 96 टक्के एफिशियन्सीला टनामागे साधारण 2,164 युनिट डीसी वीज लागते. व्होल्टेज 3.2 आणि एफिशियन्सी 93 झाली की तोच आकडा 2,306 वर जातो. म्हणजे दर टनामागे 140 युनिटच्या वर वीज निव्वळ मेम्ब्रेनमध्ये अडकलेल्या पांढऱ्या भुकटीसाठी.

ती भुकटी तिथे का बसते

मेम्ब्रेनच्या एका बाजूला आम्लधर्मी ब्राईन, दुसऱ्या बाजूला 32 टक्के लाय. मधलं अंतर मिलिमीटरच्या अंशाएवढं. एवढ्याशा जाडीत पीएच जवळपास संपूर्ण पट्टी चढून जातो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे धन आयन आहेत, सोडियमबरोबर तेही कॅथोडकडे खेचले जातात. मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड फारच कमी विरघळतं, म्हणून थोडं हायड्रॉक्साईड भेटलं तरी ते ॲनोडच्या बाजूलाच, मेम्ब्रेनमध्ये शिरल्या शिरल्या बसतं आणि वाट अडवतं. त्यामुळे मॅग्नेशियमचा फटका आधी व्होल्टेजला बसतो. कॅल्शियम हायड्रॉक्साईड त्या मानाने बरंच विरघळणारं, त्याला बसायला तीव्र लाय हवी. म्हणून ते खोलवर, कॅथोडच्या बाजूच्या पातळ कार्बोक्झिलिक थरात स्फटिकरूपाने बसतं. हाच थर हायड्रॉक्साईडला मागे लोटतो, एफिशियन्सी त्याच्यावर उभी असते. म्हणजे तुमचं व्होल्टेज जास्त चढलं आहे की एफिशियन्सी जास्त पडली आहे, यावरून चोर कोण याचा पहिला अंदाज घेता येतो. आमच्याकडे तिन्ही वेळा व्होल्टेज पुढे आणि एफिशियन्सी मागून, असा क्रम होता. मॅग्नेशियम ओरडून सांगत होतं, आम्ही ऐकलं नाही.

20 पीपीबी ही मर्यादा किती कडक आहे तेही एकदा मनात बसवून घ्या. एक टन कॉस्टिकसाठी सेलमधून ढोबळमानाने 10 घनमीटर ब्राईन फिरतं. 20 पीपीबीच्या हिशोबाने त्यात फक्त 200 मिलिग्रॅम हार्डनेस असतो. क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) आणि फिल्टरमधून चांगलं निघालेलं ब्राईन लिटरला 4 मिलिग्रॅम हार्डनेस घेऊन येतं असं धरलं, तर रेझिनच्या आधी टनामागे तोच आकडा 40 ग्रॅम असतो. दोनशे पटीचा फरक. मर्यादेच्या आत राहिलं तरी पाच किलोअँपिअर प्रति चौरस मीटरवर चालणारं मेम्ब्रेन वर्षभरात प्रत्येक चौरस मीटरमधून 57 टनांच्या आसपास कॉस्टिक देतं, म्हणजे त्याच्यासमोरून 11 ग्रॅम हार्डनेस जातोच. पाचपट झाला तर 57 ग्रॅम. मूठभर चुना म्हणावा इतका.

जुन्या सवयी

हे सांगायचं कारण असं की ब्राईन विभागातले अनेक नियम मेम्ब्रेनच्या आधीच्या काळातून आलेले आहेत. कॉस्टिक बनवण्याची सगळ्यात जुनी औद्योगिक रीत सोडा ॲशच्या द्रावणात चुना घालायची: कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, वर लाय राहते. तिथे कॅल्शियम हा मालच होता. मग 1890 च्या दशकात कास्टनर आणि केलनर यांचा पाऱ्याचा सेल आला. सोडियम पाऱ्यात मिसळून बाहेर जायचं, वेगळ्या भांड्यात पाण्याशी भेटून थेट 50 टक्के लाय द्यायचं. त्याला कॅल्शियमचं फारसं वावडं नव्हतं. त्याला भीती व्हॅनेडियम, क्रोमियम, मॉलिब्डेनमसारख्या धातूंची, कारण त्यांच्या लेशमात्र अस्तित्वानेही पाऱ्यावर हायड्रोजन सुटू लागायचा. डायफ्रॅम सेलमध्ये हार्डनेस ॲस्बेस्टॉसच्या छिद्रांत बसायचा खरा, पण लिटरला काही मिलिग्रॅम असला तरी काम चालायचं. लाय मात्र 10-12 टक्क्यांचीच, तीही मिठाने भरलेली, आणि ती आटवायला वाफ.

मिनामाता इथल्या पाऱ्याच्या विषबाधेच्या धक्क्यानंतर जपानने पारा सोडायचं ठरवलं. पहिला मोठा मेम्ब्रेन प्लांट 1975 साली तिथेच सुरू झाला, आणि पुढे मिनामाता करारात या उद्योगातल्या पाऱ्यासाठी 2025 ही मुदत घातली गेली. पद्धत बदलली, लाय शुद्ध झाली, वीज वाचली. पण मागणी मिलिग्रॅमवरून मायक्रोग्रॅमवर आली. सॅच्युरेटर (मीठ विरघळवायची टाकी), क्लॅरिफायर, गाळ, मिठाचं यार्ड हे सगळं बऱ्याच ठिकाणी तेच राहिलं, त्यांच्या शेवटी दोन रेझिन कॉलम जोडले गेले. "थोडं गढूळ आलं तर येऊ दे, पुढे रेझिन आहे" हे वाक्य त्या काळाचं आहे. रेझिनच्या बाबतीत ते खोटं आहे.

मुख्य मुद्दा: रेझिन आयन पकडतं, कण नाही

चिलेटिंग रेझिनचे गट विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिमट्यासारखे धरतात. पण मॅग्नेशियम हायड्रॉक्साईडचा अतिसूक्ष्म कण किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा स्फटिक आयन नव्हे. रेझिनला येणाऱ्या ब्राईनचा पीएच 9 च्या आसपास असतो, त्या पीएचला हे कण फारसे विरघळत नाहीत. काही रेझिनच्या थरात अडकतात, काही मण्यांच्या फटींतून निघून जातात. पुढे फीडमध्ये ॲसिड पडतं किंवा ते ॲनोलाईटमध्ये पोहोचतात. तिथला पीएच 2 ते 4. तिथे ते निमूटपणे विरघळतात आणि आयन होऊन मेम्ब्रेनमध्ये शिरतात. म्हणून रेझिनआधीच्या ब्राईनमध्ये तरंगते कण लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली हवेत ही अट असते. ती अट हार्डनेसच्या अटीइतकीच जीवघेणी आहे, पण तिची नोंद ठेवताना क्वचितच दिसते.

आता लॅबच्या वहीकडे या. रेझिननंतरचं सॅम्पल रोज आयसीपीवर (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) जायचं आणि 12, 15, 14 असे आकडे यायचे. मी एक दिवस लॅबमध्ये उभा राहून पूर्ण कृती बघितली. सॅम्पल आलं, यंत्राचा नेब्युलायझर (सॅम्पलचा फवारा करणारा भाग) चोंदू नये म्हणून 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं, मग ॲसिड घातलं, मग मोजलं. कृती वर्षानुवर्षं तशीच होती, लॅबच्या दृष्टीने त्यात काही गैर नव्हतं. पण जे शोधायचं तेच फिल्टरच्या कागदावर राहत होतं.

तुम्ही आज एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. रेझिननंतरच्या एकाच पॉइंटवरून, एकाच वेळी दोन बाटल्या भरा. पहिली नेहमीसारखी: गाळा, मग ॲसिड. दुसरीत न गाळता आधी अतिशुद्ध ॲसिड घाला, पीएच 2 च्या खाली आणा, कोमट ठेवून काही तास मुरू द्या, मग मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर कणांचा प्रश्न नाही, "रेझिनच्या पुढच्या चोरवाटा" आणि "रेझिनवर संशय कधी घ्यावा" या भागांकडे वळा. दुसरी बाटली बरीच जास्त दाखवत असेल तर तुमचा हार्डनेस रेझिनमधून कणांच्या रूपाने चालला आहे. आमच्याकडे पहिली 15 च्या आसपास, दुसरी तिच्या चौपटीहून वर.

हा प्रयोग करताना बाटल्या काचेच्या नकोत. साधी काच स्वतःच कॅल्शियम सोडते. ॲसिडने धुतलेल्या पॉलिथिनच्या बाटल्या घ्या आणि तेच ॲसिड घातलेली एक कोरी बाटली सोबत मोजा. पीपीबीच्या पातळीवर हाताचा घाम, नळाच्या पाण्याचा एक थेंबही आकडा फिरवतो. सॅम्पलचा व्हॉल्व उघडून लगेच बाटली भरू नका, लाईन काही मिनिटं वाहू द्या. आणि फक्त सकाळचं सॅम्पल घेऊ नका. लोड वाढल्यानंतरच्या दोन-तीन तासांत घ्या. का ते पुढे येतंच.

कण येतात कुठून

प्रायमरीमध्ये, म्हणजे रेझिनआधीच्या शुद्धीकरणात, सोडा ॲश घालून कॅल्शियम कार्बोनेट आणि कॉस्टिक घालून मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड खाली बसवतात. दोघांचे स्वभाव पार वेगळे. मॅग्नेशियम लगेच बसतं पण हलकं, जेलीसारखं, कापसासारखं तरंगणारं. कॅल्शियम सावकाश बसतं, पण जड स्फटिक होतात आणि ते मॅग्नेशियमच्या पुंजक्यांना वजन देऊन खाली ओढतात. मिठात कॅल्शियमच्या मानाने मॅग्नेशियम वाढलं की हे ओढणारं वजन कमी पडतं आणि क्लॅरिफायरमधला गाळाचा थर उचलायला लागतो. त्यात लोड वाढला की ब्राईनचा प्रवाह वाढतो, वर चढणाऱ्या पाण्याचा वेग वाढतो, आणि थर सरळ ओव्हरफ्लोकडे निघतो. म्हणून लोड वाढल्यानंतरचं सॅम्पल. आत येणारं ब्राईन टाकीतल्यापेक्षा गरम असेल तर तेही वरच्या वर ओव्हरफ्लोला पळतं, खाली बसायला थांबतच नाही.

आता आमच्या कहाणीतला दुवा. तिन्ही वेळच्या तारखा मी मिठाच्या आवकीच्या नोंदींशेजारी ठेवल्या. व्होल्टेज चढू लागायच्या आठ-दहा दिवस आधी तिन्ही वेळा यार्डातला जुना ढीग तळाला आला होता. मिठागरात मीठ धरून झाल्यावर उरणारं कडू पाणी, बिटर्न, मॅग्नेशियमने भरलेलं असतं आणि ते मिठाच्या खड्यांच्या पृष्ठभागावर चिकटून येतं. ढीग उभा राहिला की ते हळूहळू खाली झिरपतं. वरचं मीठ दिवसेंदिवस स्वच्छ होतं आणि तळाचं मळकं. त्यात तळाला माती. लोडर शेवटी तळ खरवडून दोन दिवसांत सगळं सॅच्युरेटरमध्ये टाकायचा, कारण नवीन मिठासाठी जागा हवी असायची. ऑपरेटर मात्र कॉस्टिकचा डोस महिन्याच्या सरासरी मिठावर ठेवायचा. दोन दिवस मॅग्नेशियम दुप्पट-तिप्पट यायचं, थर उचलायचा, पॉलिशिंग फिल्टर झगडायचे. नवीन ढीग सुरू झाला की सगळं शांत. तोवर नवीन रेझिन आलेलं असायचं आणि श्रेय त्याला मिळायचं. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं. दोन वेळा चांगलं रेझिन फेकलं गेलं आणि औषध लागू पडलं असं आम्ही मनापासून मानत राहिलो.

तुमच्याकडे ढिगाऐवजी वेगळं कारण असू शकेल, पण पद्धत तीच ठेवा: व्होल्टेज आज का चढलं हे आजच्या नोंदीत शोधू नका. ब्राईन सर्किट फिरायला वेळ लागतो, मेम्ब्रेनमध्ये साचायला आणखी वेळ. एक-दीड आठवडा मागे जा.

क्लॅरिफायरभोवती बघण्यासारखं बरंच आहे. सोडा ॲशचं जादा प्रमाण लिटरला 0.3 ते 0.5 ग्रॅम आणि कॉस्टिकचं 0.1 ते 0.3 ग्रॅम राहतं का, हे दर शिफ्टला टायट्रेशनने बघा. डोसिंग पंपाच्या स्ट्रोकवर विश्वास ठेवू नका. रिॲक्शन टाकीत गाळ साचून तिची जागा कमी झाली असेल तर कॅल्शियमला लागणारा तासाभराहून जास्त वेळ मिळत नाही, आणि मग ते फिल्टरच्या पुढे जाऊन बसतं. फिल्टरनंतरच्या टाकीच्या तळाला पांढरा, करकरीत थर सापडला तर हाच रोग. रिॲक्शन टाकीतून क्लॅरिफायरला ब्राईन पंपाने ढकलू नका, उताराने जाऊ द्या. पंपाच्या इम्पेलरमध्ये मॅग्नेशियमचे पुंजके चिरडले की ते पुन्हा जुळत नाहीत. मॅग्नेशियम जास्त असेल तेव्हा तळाचा थोडा गाळ परत इनलेटला फिरवला, किंवा कॅल्शियम क्लोराईड थोडं घातलं, तर वजन मिळतं. फ्लॉक्युलंट (कण एकत्र जुळवणारं रसायन) वाढवून मात्र प्रश्न सोडवायला जाऊ नका. ओव्हरफ्लो स्वच्छ दिसतो, आणि फिल्टरची जाळी चिकट होऊन बसते.

प्रीकोट फिल्टरबद्दल एकच: सेल्युलोजचा थर चढवल्यानंतर पहिलं ब्राईन स्वच्छ होईपर्यंत परत फिरवायचं असतं. ही वीस मिनिटं घाईत गाळली जातात. फाटलेला एक कपडा किंवा सुटलेला एक कॅन्डल (फिल्टरची नळी) शोधायला प्रत्येक फिल्टरच्या बाहेर टर्बिडिटी (गढूळपणा) स्वतंत्र बघा, एकत्रित हेडरवर नाही.

रेझिनच्या पुढच्या चोरवाटा

दोन्ही बाटल्या सारखं दाखवत असतील, आणि रेझिनच्या तोंडाशी आकडा चांगला पण सेल हेडरवर वाईट असेल, तर रेझिननंतर काहीतरी मिसळतं आहे. इथे थोडा हिशोब करा म्हणजे लहान गोष्टींना मान द्यायला शिकाल.

बायपास व्हॉल्व अर्धा टक्का पास होतो आहे: 4 मिलिग्रॅमचा अर्धा टक्का म्हणजे 20 पीपीबी. मर्यादा संपली. पंपाच्या मेकॅनिकल सीलला साधं पाणी दिलं आहे आणि त्यात लिटरला 50 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे: तासाला 10 घनमीटर ब्राईनमध्ये असं 4 लिटर पाणी गळलं तरी 20. फीडला घनमीटरमागे 4 लिटर ॲसिड पडतं आणि त्या ॲसिडमध्ये लिटरला 5 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे: पुन्हा 20. प्लांटमध्येच हायड्रोजन आणि क्लोरीन जाळून बनवलेलं ॲसिड वायूच्या रूपात शुद्धच असतं, पण ते शोषायला डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याऐवजी दुसरं पाणी गेलं, किंवा कमी पडलं म्हणून बाहेरचं ॲसिड टँकरने आलं, की हे होतं. ॲसिडचं हार्डनेस सर्टिफिकेट आहे का, असा प्रश्न मी विचारला तेव्हा स्टोअरमधल्या माणसाने आधी कुणी हे विचारलंच नसल्याचं सांगितलं. ब्राईन हीटरची किंवा कूलरची प्लेट फुटली असेल तर कूलिंग वॉटर आत येतं, त्यासाठी दोन्ही बाजूंचा दाब बघा. टाकीचं रबर लायनिंग उखडलं असेल तर तेही बघा.

रेझिनवर संशय कधी घ्यावा

तरीही रेझिन बिघडतंच. त्याची खरी खूण स्ट्रॉन्शियम. ते रेझिनला कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा सैल चिकटतं, म्हणून कॉलम भरत आला की आधी तेच सुटतं. फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोजणाऱ्याला इशारा उशिरा मिळतो. दोन रिजनरेशनमधला (ॲसिड आणि कॉस्टिकने रेझिन पुन्हा ताजं करण्यामधला) काळ दर खेपेला आखूड होत असेल तर क्षमता गेलेली आहे, आणि मग ती कशाने गेली ते शोधा. बहुतेक वेळा उत्तर मुक्त क्लोरीन. डीक्लोरिनेशन (परतीच्या ब्राईनमधलं क्लोरीन काढणं) एकदा चुकलं, सल्फाईट संपलं, ओआरपीच्या (क्लोरीन उरलं का ते दाखवणाऱ्या) प्रोबवर साय चढली होती म्हणून अलार्म वाजला नाही, तर पुढच्या कॉलमचा वरचा थर भाजून निघतो. क्लोरीन रेझिनचे चिमटेच तोडतं, ते रिजनरेशनने परत येत नाहीत.

पीएच बघा. तो खाली गेला तर रेझिन हायड्रोजनला धरून बसतं आणि कॅल्शियमला जागा उरत नाही. 11 च्या वर गेला तर मॅग्नेशियम कॉलममध्येच बसतं. रिजनरेशननंतर सोडियम रूपात रेझिन फुगतं, त्याची उंची खिडकीतून मोजून लिहून ठेवा. दर वेळी तेवढं फुगत नसेल तर कॉस्टिक कमी पडतंय किंवा प्रवाहाने एक वाट धरली आहे. ताजा कॉलम नेहमी मागच्या जागी जायला हवा आणि आधी मागे असलेला पुढे. व्हॉल्वचा क्रम बदलताना हे उलटं झालेलं मी पाहिलं आहे.

हार्डनेसचे सगळे दरवाजे बंद असूनही एफिशियन्सी एकटीच पडत असेल तर सल्फेट बघा. ते ऋण आयन असूनही मेम्ब्रेनच्या कॅथोडकडच्या तोंडाशी सोडियम सल्फेट होऊन बसतं, आणि रेझिन त्याला अडवत नाही. सिलिका, ॲल्युमिनियम आणि आयोडीन हेही रेझिन अडवत नाही. वर्षातून दोनदा तरी यांचं पूर्ण विश्लेषण करून घ्या.

काय परत मिळतं, काय नाही

ब्राईन खरंच स्वच्छ झालं की व्होल्टेज काही आठवड्यांत बरंच उतरतं. ॲनोडच्या बाजूला बसलेलं मॅग्नेशियम आम्लधर्मी ब्राईनच्या जवळ असतं, ते धुपून निघतं. कॅल्शियमचं तसं नाही. त्याचे स्फटिक वाढताना कार्बोक्झिलिक थर आतून फाडतात. नंतर स्फटिक विरघळले तरी जागा पोकळ राहते, आणि त्या पोकळीतून हायड्रॉक्साईड मागे येतच राहतं. एफिशियन्सीचा तेवढा भाग कायमचा गेला असं धरून नियोजन करा.

आमच्याकडे आता ढिगाचा तळ वेगळा काढला जातो, आणि रोज दोन बकेटपेक्षा जास्त तळाचं मीठ सॅच्युरेटरमध्ये जात नाही. त्या दिवसांत मॅग्नेशियमचं टायट्रेशन शिफ्टला दोनदा होतं आणि कॉस्टिकचा डोस त्यावरून ठरतो. दुसरी, न गाळलेली बाटली आठवड्यातून तीनदा आणि प्रत्येक मोठ्या लोडबदलानंतर मोजली जाते. तिचा आकडा वहीत पहिल्या बाटलीच्या शेजारच्या रकान्यात लिहितात. त्यानंतर दोन ढीग तळापर्यंत गेले, व्होल्टेजची रेष सपाट आहे. जुन्या तडाख्यातल्या सहा सेलची एफिशियन्सी मात्र 93 च्या वर आली नाही. पुढच्या शटडाऊनला त्यांची मेम्ब्रेन बदलायची आहेत.